खिशातला पैसा, खात्यातला पैसा



घाटकोपर स्थानकाबाहेर सकाळी कानावर पडणाऱ्या आवाजांत गेल्या काही वर्षांत एका नव्या आवाजाची भर पडली आहे. लोकलची उद्घोषणा, रिक्षावाल्यांची हाक, भाजीवाल्याचा पुकारा हे सारे जुनेच. नवा आवाज आहे तो वडापावच्या गाडीवर ठेवलेल्या एका लहानशा डबीचा. 'वीस रुपये प्राप्त झाले' एवढेच ती सांगते. गाडीवाल्याचे हात बेसनाने माखलेले असतात. त्याला नोट हाती घ्यावी लागत नाही, गल्ला उघडावा लागत नाही, मान वर करून पाहावेही लागत नाही. ग्राहकाची लोकल चुकत नाही आणि सुट्ट्या पैशांवरून शब्दाने शब्द वाढत नाही.

या शेवटच्या गोष्टीचे मोल उपनगरात वाढलेल्या माणसालाच नीट कळेल. 'सुट्टे द्या' या दोन शब्दांनी मुंबईत जेवढी भांडणे लावली, तेवढी राजकारणानेही लावली नसतील. बेस्टचा वाहक तिकिटाच्या मागे उरलेले पैसे लिहून देई आणि ते घेण्याआधीच प्रवासी उतरून जाई. किराणा दुकानदार रुपया परत देण्याऐवजी चॉकलेट हातावर ठेवी; तेच चॉकलेट रुपया म्हणून परत घ्यायला मात्र तो कधी तयार होत नसे. रेल्वेच्या तिकीट खिडकीपुढची रांग तर ठरलेलीच होती. आधी कूपनांची पुस्तिका आली, मग यंत्रावर टेकवायचे स्मार्ट कार्ड आले, २०१४ साली मोबाइलवरच उपनगरी तिकीट मिळू लागले. त्याच वर्षी ८ जूनला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. आज या मार्गाच्या फाटकांवर मोबाइलवरचा चौकोनी संकेत दाखवून माणसे आत जातात. 'रोकडविरहित समाज' हा शब्द भाषणांत आणि अग्रलेखांत पोहोचण्यापूर्वीच त्याचा बराचसा अनुभव उपनगराने घेतला होता.

म्हणून या विषयाचा विचार करताना एक गोष्ट आरंभीच मान्य केलेली बरी. जे सोयीचे आहे ते लोक स्वीकारतात. त्यासाठी प्रबोधनाची फारशी गरज पडत नाही. प्रबोधनाची गरज आहे ती या सोयीबरोबर कोणती जबाबदारी येते आणि ती कोणाची, हे समजण्यासाठी.

रोकडीवाचूनचा जुना समाज

रोकडीवाचून चालणारा समाज महाराष्ट्राला नवा नाही. गावगाड्यात शतकानुशतके असाच व्यवहार चालला. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी वर्षभर काम करीत आणि सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याच्या रूपाने बलुते घेत. हिशेबाची वही नव्हती, गावाचे स्मरण हीच वही. या व्यवस्थेच्या परस्परावलंबनाची वाखाणणी पुष्कळ झाली आणि ती अगदीच अस्थानी नाही. पण तिची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. बलुते किती मिळावे हे घेणाऱ्याच्या हाती नव्हते, काम नाकारण्याची त्याला मुभा नव्हती. ज्या बांधवांना समाजाने अस्पृश्य मानले, त्यांच्या वाट्याला तर हक्कापेक्षा याचनाच अधिक आली. मुंबईच्या गिरण्यांनी, गोदीने आणि रेल्वेने कामगाराच्या हातावर रोख पगार ठेवला, तेव्हा त्या नाण्यावर घेणाऱ्याची जात लिहिलेली नव्हती. रोख पैसा कोणाला नाव विचारीत नाही. हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे सर्वांत मोठा दोषही हाच आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध केला. ३० डिसेंबर २०१६ रोजी देशी बनावटीच्या देयक-प्रणालीचे ॲप लोकार्पण झाले, तेव्हा त्याला 'भीम' हे नाव देण्यात आले. चलनाच्या प्रश्नाकडे सामान्य माणसाच्या बाजूने पाहणाऱ्या अर्थतज्ज्ञाचे हे स्मरण उचितच होते.

धसईचा प्रयोग

त्याच महिन्याच्या पहिल्या दिवशी, १ डिसेंबर २०१६ रोजी, ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव महाराष्ट्रातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून घोषित झाले. मुलुंडहून निघून कल्याण, मुरबाड ओलांडले की हे गाव येते. आसपासच्या वाड्या-पाड्यांची ती बाजारपेठ. नोटाबंदीला तेव्हा महिनाही झाला नव्हता. दादरच्या स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकाने पुढाकार घेतला, बँक ऑफ बडोदाने कार्ड स्वीकारणारी यंत्रे दिली आणि किराणा दुकानदारापासून वडापाव विकणाऱ्यापर्यंत अनेकांनी ती लावली. राज्याचे तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार समारंभाला उपस्थित होते.

पुढे काय झाले? रोकड पुन्हा आली. वीज गेली की यंत्र बंद, जाळे मिळाले नाही की यंत्र बंद, आणि कार्डाच्या व्यवहारावर बँकेचे शुल्क. दहा रुपयांच्या मालावर काही पैसे नफा मिळवणाऱ्याला ते परवडणारे नव्हते. या प्रयोगाला अपयशी म्हणून हसणारे पुष्कळ भेटले. परंतु धसईने जे शिकवले ते देशाच्या उपयोगी पडले. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवरील व्यापारी शुल्क शून्य करण्यात आले. मार्च २०२२ मध्ये साध्या फोनवरून पैसे देण्याची सोय आली. पुढे छोट्या रकमांसाठी जाळ्याविना चालणारी पद्धतही आली. धसईत २०१६ साली यंत्र पोहोचले होते, मार्ग तयार व्हायचा होता. प्रयोग करणाऱ्यांच्या निष्ठेत उणे नव्हते. रस्त्याआधी गाडी आली, एवढेच.

तो मार्ग मुंबईतच घडला हेही सांगितले पाहिजे. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही संस्था २००८ साली स्थापन झाली. तिचे मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. ११ एप्रिल २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते यूपीआयचे उद्घाटन झाले. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात या प्रणालीवरून २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले आणि त्यांची एकूण रक्कम २४ लाख कोटी रुपयांच्या पुढे गेली. जगातील प्रगत म्हणवणाऱ्या अनेक देशांना जे साधले नाही, ते भारतीय अभियंत्यांनी आणि भारतीय भाजीवाल्यांनी मिळून साधले.

लाभ कोणाला?

लाभाचा विचार करताना आधी त्या भाजीवाल्याकडेच पाहू. तो रोज पहाटे माल उचलतो आणि संध्याकाळी उधारी फेडतो. पूर्वी त्याच्यापाशी कष्टाचा पुरावा नव्हता. बँकेत गेला तर 'उत्पन्नाचा दाखला आणा' हे उत्तर ठरलेले. म्हणून तो सावकाराकडे जाई आणि सकाळी घेतलेल्या पैशांवर संध्याकाळी व्याज देई. १ जून २०२० रोजी सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेने फेरीवाल्यांना आरंभी दहा हजारांचे विनातारण कर्ज देऊ केले, वेळेवर फेडल्यास पुढचे मोठे कर्ज दिले आणि डिजिटल व्यवहार करणाऱ्याला वर्षाला बाराशे रुपयांपर्यंत परतावा ठेवला. डबीतून येणारा 'प्राप्त झाले' हा आवाज त्या माणसाची पत तयार करतो. जो कागदावर कधी नव्हता, तो कागदावर आला.

दुसरा लाभ उपनगरातील घरांच्या बाजारात शोधायचा. अंधेरी-बोरिवलीत सदनिका घेणाऱ्या मध्यमवर्गीयाला 'रोख किती, धनादेश किती' हा प्रश्न ज्या निर्विकारपणे विचारला जाई, त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. मास्तर, कारकून, परिचारिका अशा जन्मभर प्रामाणिकपणे कर भरलेल्या माणसांना घर घेताना मात्र काळ्या व्यवहाराचे भागीदार व्हावे लागे. १ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास बंदी आली आणि १ एप्रिल २०१७ पासून २ लाख वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास मनाई झाली. रोग समूळ गेला असे कोणी म्हणणार नाही. पण व्यवहार पांढऱ्या पैशांत करू इच्छिणाऱ्याला आता 'नाही' म्हणण्यासाठी कायद्याचा आधार आहे. खंडणी, हप्ता, लाच आणि सीमेपलीकडून येणाऱ्या बनावट नोटा या सर्वांना रोकडच प्रिय असते, कारण ती नाव विचारीत नाही.

आता एक कटू आकडा. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा चलनातील एकूण मूल्याच्या सुमारे ८६ टक्के भाग त्या नोटांचा होता. त्यांतील ९९ टक्क्यांहून अधिक रक्कम बँकांत परत आली. त्या वेळी सुमारे १८ लाख कोटी रुपयांचे चलन लोकांत फिरत होते. मार्च २०२५ अखेर ते ३६ लाख कोटींच्या पुढे गेले होते. म्हणजे डिजिटल व्यवहार कित्येक पटींनी वाढले आणि रोकडही दुप्पट झाली. हा आकडा लपवून उपयोग नाही, तो समजून घेतला पाहिजे. लोक देताना मोबाइल वापरतात, पण अडीअडचणीसाठी साठवताना नोटेवर विश्वास ठेवतात. पंतप्रधानांनी २७ नोव्हेंबर २०१६ च्या 'मन की बात'मध्येच हे ओळखले होते. संपूर्ण रोकडविरहित समाज शक्य नसतो, आरंभ कमी रोकडीच्या समाजापासून करू, असा त्यांच्या आवाहनाचा आशय होता. उत्साही अनुयायांनी मधला 'कमी' हा शब्द गाळला.

लोकांचा नोटेवर एवढा विश्वास का? याचे उत्तर अर्थशास्त्राच्या ग्रंथात आहे, पण भांडुपला ते अधिक स्पष्ट मिळते.

भांडुपची रांग

हातातली नोट ही रिझर्व्ह बँकेची देणेदारी आहे. तिच्यावर गव्हर्नरांचे वचन आणि स्वाक्षरी असते. खात्यातील रक्कम मात्र त्या विशिष्ट बँकेने दिलेले वचन असते. दोहोंनाही रुपया म्हणतात, दोहोंनीही दूध विकत मिळते, म्हणून हा फरक एरवी कोणाच्या लक्षात येत नाही. बँकेवर संकट आले की तो एका दिवसात कळतो.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक १९८४ साली मुंबईत सुरू झाली. तिचे मुख्यालय भांडुपला होते. सात राज्यांत मिळून १३७ शाखा आणि ११ हजार कोटींहून अधिक ठेवी. रिक्षाचालक, दुकानदार, निवृत्त कर्मचारी, गुरुद्वारे आणि असंख्य गृहनिर्माण संस्था तिच्या खातेदार होत्या. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. सहा महिन्यांत एका खात्यातून फक्त एक हजार रुपये! नवरात्र सहा दिवसांवर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी शाखांपुढे जे लोक जमले, त्यांच्या पासबुकात लाखांचे आकडे होते आणि हातात महिन्याचा किराणा भरण्याइतकेही पैसे नव्हते. रोकडविरहित समाजाची चर्चा देशात तीन वर्षे चालली होती. त्या सकाळी मुलुंड-भांडुपच्या हजारो कुटुंबांनी त्याचा एक वेगळाच अर्थ अनुभवला.

मर्यादा पुढे दहा हजार, पंचवीस हजार, चाळीस हजार, पन्नास हजार अशी वाढत गेली. पण दवाखाना, शाळेचे शुल्क, लग्न यांना टप्प्याटप्प्याने थांबता येत नाही. त्या ऑक्टोबरमध्ये काही खातेदारांचे मृत्यू झाले. त्यांत ओशिवऱ्याचे आणि मुलुंडचे रहिवासीही होते. चौकशीत जे उघड झाले ते या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. बँकेच्या एकूण कर्जांपैकी सुमारे ७३ टक्के कर्ज एचडीआयएल या एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे अडकले होते आणि ते झाकण्यासाठी २१,०४९ खोटी खाती दाखवण्यात आली होती. एकवीस हजार माणसे, जी अस्तित्वातच नव्हती! कोणी तिजोरी फोडली नाही, नोटांची पोती पळवली नाहीत. नोंदवहीतच फसवणूक झाली. 'संगणकावर आले म्हणजे पारदर्शक झाले' असे मानणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

रोकडीचे भक्त यावर टाळी देतील, तर त्यांच्यासाठी दुसरे उदाहरण आहे. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. त्या प्रकरणात प्रभादेवी आणि गोरेगाव येथील तिजोऱ्यांतून १२२ कोटी रुपयांची रोकडच नाहीशी झाल्याचा आरोप आहे. नोंदवहीत पैसे होते, तिजोरीत नव्हते. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये ती बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. एका ठिकाणी नोंद खोटी, दुसऱ्या ठिकाणी तिजोरी रिकामी. पैशाचे रूप कोणते यापेक्षा तो सांभाळणारा कोण आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारा जागा आहे की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. सहकार ही महाराष्ट्राने देशाला दिलेली देणगी आहे. तिच्या नावाने बोटे मोडून भागणार नाही. सभासदांनी वार्षिक सभेत अहवाल वाचून प्रश्न विचारायचे असतात, केवळ चहा-बिस्किटे घ्यायची नसतात.

भांडुपच्या आक्रोशाने एक गोष्ट मात्र साधली. ठेवींवरील विम्याची मर्यादा १९९३ पासून एक लाखावर थांबली होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख झाली आणि २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत ती रक्कम देण्याची तरतूद झाली. समाज जितका खात्यातल्या पैशावर विसंबेल, तितके हे विम्याचे कवच मोठे आणि तत्पर हवे. रोकड कमी करण्याची ही पूर्वअट आहे.

२६ जुलैची आठवण

उपनगराला आणखी एका दिवसाची आठवण आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. वीज गेली, लोकल थांबल्या, मोबाइल मुके झाले. अंधेरी, कुर्ला, घाटकोपरच्या रस्त्यांवरून माणसे गळ्याएवढ्या पाण्यातून रात्रभर चालली. त्या दुपारपासून अनेक मोठ्या बँकांची एटीएम मुंबईत बंद पडली. एवढेच नव्हे, या बँकांच्या मध्यवर्ती यंत्रणा मुंबईत असल्यामुळे देशाच्या इतर भागांतही अनेक ठिकाणी दोन दिवस पैसे काढता आले नाहीत. मिठी नदीला पूर आला आणि दूरच्या गावी एटीएमपुढे माणूस रिकाम्या हाती उभा राहिला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगराची वीज पुन्हा एकदा गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. सायबर हल्ल्याचा संशय तेव्हा व्यक्त झाला, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी तो नाकारला. कारण काहीही असो, वीज नसताना चौकोनी संकेत हे नुसते चित्र असते.

रोकड जवळजवळ हद्दपार केलेल्या स्वीडनला हे उशिरा सुचले. तेथे आता बँकांनी रोख सेवा द्यावी असा कायदा आहे, आणि संकट वा युद्ध आल्यास काय करावे हे सांगणारी जी पुस्तिका तेथील सरकार घरोघरी पाठवते, तिच्यात घरात काही रोकड ठेवा असा सल्ला आहे. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालची वीज गेली, तेव्हा खिशात नोटा असलेल्यांनाच पाव मिळाला. आपत्कालीन पिशवीत विजेरी, औषधे आणि कागदपत्रांबरोबर दहा-वीस-पन्नासच्या नोटांचे एक पाकीट असावे, हे उपनगरातील प्रत्येक घराला सांगण्याजोगे आहे.

मार्ग आपला, वाहन कोणाचे?

स्वदेशीचा प्रश्न येथे अपरिहार्यपणे येतो. मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड या अमेरिकी कंपन्यांनी रशियातील आपले काम थांबवले. रशियापाशी 'मीर' ही स्वतःची कार्डप्रणाली होती, म्हणून देशांतर्गत व्यवहार चालू राहिले. भारताने २०१२ साली रुपे कार्ड आणले, तेव्हा 'व्हिसा असताना याची गरज काय' असे विचारणारे होते. दहा वर्षांनी त्यांना उत्तर मिळाले.

पण समाधान मानण्याजोगी स्थिती अजून नाही. यूपीआय हा मार्ग भारताचा आहे. त्यावर धावणारी वाहने मात्र बहुतांशी परक्यांची आहेत. २०२५ पर्यंतचे चित्र असे, की यूपीआयवरील सुमारे ८० टक्के व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोनच ॲपवरून होत होते. पहिल्याची बहुतांश मालकी अमेरिकी वॉलमार्टकडे, दुसरे अमेरिकी गूगलचेच. कोणत्याही एका ॲपकडे ३० टक्क्यांहून अधिक व्यवहार नसावेत असा नियम २०२० साली ठरला आणि त्याची मुदत पुढे पुढे ढकलत डिसेंबर २०२६ पर्यंत नेण्यात आली. ज्या भीम ॲपला बाबासाहेबांचे नाव दिले, ते किती जणांच्या मोबाइलमध्ये आहे? स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्या प्रत्येकाने आपला मोबाइल उघडून पाहावे. या प्रश्नाचे उत्तर सरकारकडे मागण्याची आवश्यकता नाही.

नावाविना दिलेले

आता त्या नाव न विचारण्याकडे पुन्हा वळू. हिंदू परंपरेत गुप्तदानाला फार वरचे स्थान आहे. संघाच्या गुरुपूजन उत्सवात भगव्या ध्वजापुढे दक्षिणा बंद पाकिटातून समर्पित होते. कोणी किती दिले याची चर्चा होत नाही. रोजंदारीवरचा स्वयंसेवक आणि कारखानदार एकाच रांगेत उभे असतात. मोठ्या देणग्यांचा हिशेब पारदर्शक असावा हे योग्यच. पण देवळाच्या दानपेटीत टाकलेल्या दहा रुपयांची नोंद एखाद्या परदेशी कंपनीच्या संगणकात का असावी?

घरातल्या स्त्रीचाही विचार करायला हवा. नोटाबंदीच्या दिवसांत तांदळाच्या डब्यातून, साड्यांच्या घडीतून, देवघरातल्या फोटोमागून नोटा बाहेर आल्या आणि त्यावर विनोद झाले. त्या नोटा काळा पैसा नव्हता. घरखर्चातून वाचवलेली ती तिची स्वायत्तता होती, मुलीच्या परीक्षेचे शुल्क होते, व्यसनी नवऱ्यापासून लपवलेला आधार होता. असल्फाच्या टेकडीवरून घाटकोपरच्या इमारतींत धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईला जनधन खाते मिळाले हे मोठेच काम झाले. या योजनेच्या खातेदारांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. खात्यावर पगार आला की तो बुडवता येत नाही. पण मोबाइल मुलाच्या हाती असेल आणि प्रत्येक रुपयाचा संदेश त्यालाच दिसत असेल, तर खाते तिच्या नावावर असूनही पैसा तिचा राहत नाही. तिला पगार कसा हवा हे मालकिणीने ठरवू नये, तिला विचारावे.

छोट्या व्यापाऱ्याची भीतीही समजून घ्यावी. जुलै २०२५ मध्ये बंगळुरूत यूपीआयच्या नोंदींवरून लहान दुकानदारांना कराच्या नोटिसा गेल्या आणि 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. कर चुकवू नये हे खरे. पण उलाढाल म्हणजे नफा नव्हे, आणि भाजी-दुधाची विक्री करमुक्त असते, एवढे नोटीस काढणाऱ्याला ठाऊक असायला हवे होते. काही वर्षांत मिळवलेला विश्वास अशा एका आठवड्यात जातो.

वृद्धांच्या फसवणुकीबद्दल थोडे, पण स्पष्ट बोलावे लागेल. मुलुंड, विलेपार्ले, बोरिवली येथील कितीतरी घरांत आई-वडील एकटे राहतात. मुले पुण्या-बंगळुरूला किंवा समुद्रापार. पोलिसी गणवेशातला कोणी मोबाइलच्या पडद्यावर येतो, 'तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे' म्हणतो आणि घाबरलेला माणूस जन्माची पुंजी एका दिवसात पाठवून देतो. असा अटकेचा प्रकार भारतीय कायद्यात नाही. सायबर गुन्ह्यांत २०२४ या एका वर्षात देशाने २२ हजार ८०० कोटींहून अधिक रुपये गमावले असे गृहमंत्रालयाने संसदेत सांगितले. फसवणूक लक्षात येताच १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात. दरोडेखोर दारातून येत असे, तेव्हा शेजारी धावून येत. आता तो खिशातून येतो आणि भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडाला पत्ताही लागत नाही. प्रत्येक गृहसंकुलात चार तरुणांनी महिन्यातून एक संध्याकाळ ज्येष्ठांसाठी द्यावी. त्यांचा मोबाइल बघून द्यावा, संशयास्पद ॲप काढून टाकावे आणि 'असा फोन आला तर आधी आम्हाला हाक मारा' एवढे सांगावे. शाखेच्या वेळेनंतर होऊ शकेल असे हे काम आहे.

रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून ई-रुपयाचा प्रयोग ज्या चार शहरांत सुरू केला, त्यांत मुंबई पहिल्या गटात होती. हा रुपया मोबाइलमध्ये असतो, पण त्यामागचे वचन नोटेप्रमाणे रिझर्व्ह बँकेचेच असते, एखाद्या बँकेचे नव्हे. म्हणजे खिशातल्या आणि खात्यातल्या पैशांमधला भेद मिटवू शकेल असा हा एक मार्ग आहे. त्याचा प्रसार अजून फार थोडा आहे आणि नोटेचा खाजगीपणा त्यात कितपत टिकेल, यावर त्याचे भवितव्य ठरेल.

भांडुपची ती बँक २५ जानेवारी २०२२ रोजी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतच्या ठेवी विम्यातून मिळाल्या. त्याहून मोठ्या ठेवी हप्त्यांनी परत करायच्या असे योजनेत ठरले. निवृत्तीची सारी रक्कम तेथे ठेवलेल्या मुलुंडच्या ज्येष्ठ नागरिकाला त्यातला शेवटचा हप्ता दहा वर्षांनी, म्हणजे २०३२ साली देय आहे.